आकाशगृहाचें मागचें दार

पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या मनुष्यवस्तीचा आरंभ केव्हां झाला, असें विचारलें असतां बहुतेक ग्रंथकार १९ एप्रिल १९७१ हा दिवस सांगतात. त्या दिवशीं सोव्हिएत संघानें 'सॅल्यूट १' हें पहिलें अंतराळस्थानक बैकानूरहून आकाशांत सोडलें. दिवस खरा आहे व त्याबद्दल वादहि नाहीं. परंतु चार भिंती उभ्या राहिल्या म्हणजे तेथें वस्ती झाली असें आपण व्यवहारांत मानीत नाहीं. चूल पेटावी, पाणी भरलें जावें, गळकें छप्पर शाकारलें जावें, एक माणूस गेलें तर दुसऱ्यानें त्याच्या जागीं येऊन राहावें, हा क्रम सुरू झाला म्हणजे त्या जागेस वस्ती हें नांव शोभतें. या दृष्टीनें पाहतां प्रस्तुत लेखकास १९७१ सालाहून १९७८ सालचा जानेवारी महिना अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या महिन्याच्या २२ तारखेस माणूस नसलेलें एक मालवाहू यान 'सॅल्यूट ६' या स्थानकाच्या पाठीमागच्या दाराशीं येऊन आपोआप जोडलें गेलें. या घटनेचे पुतळे कोठें उभारलेले नाहींत. तथापि पुढें जें जें आकाशांत टिकलें तें या मागच्या दारामुळें टिकलें, आणि जें जें संकटांत आलें तेंहि पुष्कळदां याच दाराशीं आलें.

आकाशांत घर बांधण्याची कल्पना मात्र बरीच जुनी. कालुगा गांवचा शाळामास्तर कोन्स्तान्तीन त्सिओल्कोव्स्की, ट्रान्सिल्व्हेनियांत जन्मलेला हर्मन ओबर्थ, आणि नूरडुंग या टोपणनांवानें लिहिणारा हर्मन पोटोचनिक यांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत ती शास्त्राच्या पायावर मांडली. पोटोचनिकचें घर चाकाच्या आकाराचें होतें; तें गरगर फिरत राहावें म्हणजे आंतल्या माणसांस कृत्रिम वजन येईल, अशी त्याची योजना. १९५२ सालीं व्हेर्नर फॉन ब्राउन यानें हेंच चाक अमेरिकन वाचकांपुढें रंगीत चित्रांसह ठेविलें. या लिखाणांत घराचा आकार, खिडक्या, आरसे, शयनगृहें यांचें वर्णन मोठ्या हौसेनें आलेलें आहे. मानानें रोजच्या शिध्यापाण्याचा विषय थोडक्यांत उरकलेला दिसतो. त्सिओल्कोव्स्कीनें आंत झाडें लावून हवा शुद्ध करावी असें सुचविलें होतें, तेवढें त्याचें दूरदर्शित्व वेगळें धरलें पाहिजे.

प्रत्यक्षांत जें पहिलें घर गेलें त्याला चाक नव्हतें. सॅल्यूट १ हें सुमारें अठरा-एकोणीस टन वजनाचें, एकापुढें एक नळकांडीं जोडावीं तसें दिसणारें स्थानक होतें. त्यास दार एकच, तें पुढच्या टोंकास. त्या दारास सोयुझ यान येऊन चिकटावयाचें, माणसें आंत शिरावयाचीं, आणि काम संपलें कीं त्याच वाटेनें परतावयाचें. पहिली तुकडी २४ एप्रिल रोजीं दाराशीं पोहोंचली, पण जोडणी पक्की होईना. ती आंत न शिरतांच परत आली. दुसऱ्या तुकडींत जावयाच्या एका प्रवाशाच्या फुप्फुसावर डाग दिसला म्हणून ती सबंध तुकडी आयत्या वेळीं बदलण्यांत आली, आणि तिच्या जागीं गेओर्गी दोब्रोवोल्स्की, व्लादिस्लाव व्होल्कोव्ह व विक्तोर पात्सायेव्ह हे तिघे ६ जून १९७१ रोजीं निघाले. दुसऱ्या दिवशीं ते स्थानकांत शिरले. सुमारें तीन आठवडे ते तेथें राहिले. पात्सायेव्हचा अडतिसावा वाढदिवस १९ जूनला तेथेंच साजरा झाला; रशियांतील घरोघरीं लोक दूरदर्शनवर त्यांस पाहत होते. मध्यंतरीं एकदां आंत धूर झाला व परत फिरावें कीं काय इथवर गोष्ट आली, पण ती निभावली.

२९ जूनच्या रात्रीं तिघे परतीच्या वाटेस लागले. यानाचे भाग एकमेकांपासून सुटतांना जो हिसका बसला, त्यानें हवेचा दाब समतोल करणारी एक झडप अकाळीं उघडली. जमीन अजून सुमारें १६८ किलोमीटर खालीं होती. झडप आसनाखालीं होती. ती हातानें फिरवून बंद करण्यास जेवढा वेळ हवा होता तेवढा वेळ शुद्ध राहिली नाहीं. तीन माणसें त्या लहान खोलींत बसवावयाचीं म्हणून दाब राखणारे पोषाख दिलेले नव्हते. यान ठरल्याप्रमाणें छत्रीनें अलगद उतरलें. धांवत गेलेल्या लोकांनीं झांकण उघडलें तों तिघेहि आपापल्या आसनांवर मृत. त्यानंतर सोयुझमधून दोनच माणसें, आणि तींहि पोषाख घालून, जाऊं लागलीं. तिसऱ्या आसनाची सोय पुन्हां व्हावयास १९८० साल उजाडलें. रिकामें सॅल्यूट १ त्याच वर्षीं ११ ऑक्टोबरला मुद्दाम खालीं आणून पॅसिफिक महासागरावर जाळण्यांत आलें.

या अपघाताचें दुःख इतकें मोठें होतें कीं, त्याच्या आड एक दुसरी गोष्ट झांकली गेली. तिघे सुखरूप परतते तरी सॅल्यूट १ फार दिवस चालणारें नव्हतें. आंतलें अन्न, पाणी, हवा शुद्ध करणारीं रासायनिक द्रव्यें व इंधन हीं सर्व पृथ्वीवरून निघतांना भरून दिलेलीं. एकदां सरलीं कीं पुन्हां भरावयाची सोय नाहीं. हिशेब साधा आहे. माणसाला दिवसाकांठीं आठशें ग्रॅमांहून कांहींसा अधिक प्राणवायु, अडीच-तीन किलो पाणी, व कोरडें धरलें तरी अर्धा-पाऊण किलो अन्न लागतें. तिघांचे शंभर दिवस म्हणजे सव्वा टनाच्या घरांत वजन झालें. त्यांत घराची स्वतःचीहि भूक असते. साडेतीनशें किलोमीटर उंचीवर हवा अगदीं विरळ असली तरी अजिबात नाहीं असें नव्हे. ती स्थानकास क्षणोक्षणीं घासते, त्याचा मार्ग खालीं खालीं येतो, आणि मधून मधून इंजिन पेटवून त्यास वर ढकलावें लागतें. इंधन संपलें कीं घर पडलेंच. वेढ्यांत सांपडलेल्या गडाची जी स्थिति तीच याची: तट कितीहि बळकट असो, अंबारखाना रिकामा झाला म्हणजे किल्लेदाराचा निरुपाय होतो. आणि ज्या गडाला पुढचा दरवाजा तेवढा आहे, चोरदिंडी नाहीं, तेथें रसद तरी कोठून आंत घ्यावी?

अमेरिकेनें या प्रश्नाचें उत्तर आपल्या पद्धतीनें, म्हणजे कोठार मोठें करून दिलें. १४ मे १९७३ रोजीं गेलेलें स्कायलॅब सुमारें पाऊणशें टनांचें होतें. तिन्ही तुकड्यांस पुरेल एवढें पाणी व बहुतेक अन्न त्यांत आधींच भरलेलें होतें. वर जातांना त्याचें एक संरक्षक आवरण फाटून निघालें. त्याबरोबर विजेचा एक सौर पंख गेला व दुसरा एका पट्टींत अडकून बसला. आंतली उष्णता पन्नास अंश सेंटिग्रेडच्या वर चढली. पीट कॉनराड, जोसेफ कर्विन व पॉल वाइट्झ यांनीं मे-जूनमध्यें तेथें जाऊन एका लहान छिद्रांतून छत्रीसारखें कापड बाहेर पसरून घर थंड केलें, आणि ७ जूनला बाहेर पडून ती पट्टी कातरली. घर दुरुस्त करून राहतां येतें, हें जगाला प्रथम दाखविलें तें या तिघांनीं. त्यांचा मान कोणीं हिरावून घेऊं नये. पुढील दोन तुकड्या ५९ व ८४ दिवस राहिल्या. परंतु १९७४ च्या फेब्रुवारींत शेवटची तुकडी परतली ती परतलीच. स्कायलॅबला अडचणीच्या वेळेसाठीं बाजूचें एक दुसरें दार होतें खरें; पण त्या दारानें इंधन आंत घेण्याची योजनाच नव्हती. तें घर वर ढकलणारें कोणी वेळेवर आलें नाहीं, आणि ११ जुलै १९७९ रोजीं तें हिंदी महासागर व पश्चिम ऑस्ट्रेलिया यांवर तुकडे तुकडे होऊन पडलें. त्या दिवसांत आपल्याकडेहि खेडोपाडीं लोकांनीं किती धास्ती घेतली होती, हें वडील मंडळींस आठवत असेल. तिकडे एस्परन्स गांवच्या स्थानिक मंडळानें रस्त्यांत कचरा टाकल्याबद्दल अमेरिकन अंतराळसंस्थेस चारशें डॉलर दंड ठोठावला, ही या शोककथेंतील एक विनोदी बाजू.

रशियन लोकांजवळ एवढा प्रचंड अग्निबाण नव्हता. म्हणून त्यांस दुसरा विचार करावा लागला, आणि गरिबीनें सुचविलेला हाच विचार शेवटीं खरा ठरला. मधल्या सॅल्यूटांपैकीं कांहीं लष्करी होतीं, कांहीं वर जातांच निकामी झालीं. सॅल्यूट ४ मध्यें १९७५ सालीं क्लिमुक व सेवास्त्यानोव्ह हे ६३ दिवस राहिले, तेव्हां शेवटीं शेवटीं खिडक्यांवर दंव व भिंतींवर हिरवी बुरशी चढली होती. घर जुनें होत होतें, आणि त्याला नवें करण्याचा मार्ग नव्हता.

तो मार्ग सॅल्यूट ६ नें उघडला. २९ सप्टेंबर १९७७ रोजीं सोडलेल्या या स्थानकास पुढें एक व पाठीमागें एक अशीं दोन दारें होतीं. मागच्या दाराच्या कडेनें इंधनाच्या नळ्यांचीं तोंडें काढलेलीं होतीं, जेणेंकरून यान चिकटतांच नळीला नळी जुळावी. आरंभ मात्र अपशकुनाचा झाला. ऑक्टोबरमध्यें पहिली तुकडी पुढच्या दाराशीं गेली व जोडणी न होतां परतली; तिच्यांत दोघेहि प्रथमच आकाशांत गेलेले होते, म्हणून यापुढें प्रत्येक तुकडींत एक तरी अनुभवी माणूस असावा असा नियम झाला. पुढचें दार बिघडलें असेल अशी शंका आल्यामुळें डिसेंबरांत युरी रोमानेन्को व गेओर्गी ग्रेच्को हे मागच्या दारानें आंत शिरले. म्हणजे रसदीसाठीं राखलेलें दार माणसांनींच अडवलें! तेव्हां २० डिसेंबर रोजीं ग्रेच्को पुढच्या बाजूनें बाहेर पडला, त्यानें दाराची कड हातानें चांचपून पाहिली, आणि तें निर्दोष असल्याचें कळविलें. या एका तपासणीवर पुढची सर्व योजना टांगलेली होती. ११ जानेवारीस जानिबेकोव्ह व माकारोव्ह हे पाहुणे पुढच्या दाराशीं आले. परततांना त्यांनीं आपलें ताजें यान यजमानांस ठेवून यजमानांचें जुनें यान नेलें. सोयुझ आकाशांत तीनएक महिन्यांपलीकडे विश्वासार्ह राहत नसे, त्यामुळें ही अदलाबदल दीर्घ मुक्कामास आवश्यक होती. आणि त्याच हालचालीनें मागचें दार मोकळें झालें. सहा दिवसांनीं 'प्रोग्रेस १' तेथें येऊन लागलें.

प्रोग्रेस म्हणजे सोयुझचेंच मालगाडींत केलेलें रूपांतर. वजन सात टनांवर. त्यांत सव्वादोन टनांच्या जवळपास माल, पैकीं सुमारें एक टन इंधन. अन्न, पाणी, कपडे, यंत्रांचे सुटे भाग, आणि घरचीं पत्रें. वजनरहित अवस्थेंत इंधन एका टांकींतून दुसरींत ओतणें हें ऐकण्यास सोपें वाटतें, पण तेथें वर-खालीं असा प्रकारच नसल्यामुळें द्रव तळाशीं बसत नाहीं, तो वायूंत मिसळून फेसाळतो. म्हणून टांकीच्या आंत लोहाराच्या भात्यासारखी धातूची लवचिक पिशवी बसविली होती. भात्याच्या एका अंगास इंधन, दुसऱ्या अंगास दाबलेला नायट्रोजन वायु. आधीं स्थानकांतील हा नायट्रोजन पंपानें मागें खेंचावयाचा, म्हणजे दाब उतरून पिशवी पसरते. मग प्रोग्रेसच्या अधिक दाबानें इंधन आंत येतें. पंपास वीज फार लागे, त्यामुळें हें काम घाईनें होत नसे. तें इंधन व त्याचें पूरक द्रव्य दोन्ही विषारी, एकत्र येतांच पेट घेणारीं. फेब्रुवारीच्या आरंभीं हें भरणें निर्विघ्न पार पडलें. नंतर रिकाम्या यानांत घरांतला केरकचरा भरून तें सोडून दिलें, आणि तें वातावरणांत जळून गेलें. येणारी गाडी रसद आणते व जाणारी उकिरडा नेते, ही व्यवस्था आजतागायत चालू आहे. रोमानेन्को-ग्रेच्को ९६ दिवस राहून १६ मार्चला परतले व स्कायलॅबचा ८४ दिवसांचा उच्चांक मागें पडला. सॅल्यूट ६ कडे एकंदर बारा प्रोग्रेस यानें गेलीं.

ज्यावर सर्व भार असतो तेंच मर्मस्थान होतें, याचा अनुभव पुढील वर्षीं आला. व्लादिमीर ल्याखोव्ह व व्हालेरी रियुमिन हे १९७९ च्या फेब्रुवारीपासून स्थानकांत होते. एप्रिलमध्यें त्यांच्याकडे निघालेल्या पाहुण्यांच्या यानाचें इंजिन वाटेंत बिघडलें, त्यामुळें त्यांस सबंध मुक्कामांत दुसऱ्या माणसाचें तोंड दिसलें नाहीं. जुलैमध्यें त्यांनीं मागच्या दारांतून दहा मीटर व्यासाची जाळीदार रेडिओ-दुर्बीण बाहेर उलगडली. प्रयोग झाल्यावर ऑगस्टांत ती सोडून द्यावयाची, तों जाळी स्थानकाच्या कडेस अडकली. दार बंद झालें. हें दार मोकळें न झालें तर इंधन येणें नाहीं, म्हणजे सबंध स्थानक जाणार. सुमारें सहा महिने वजनरहित राहून दुबळ्या झालेल्या माणसांस बाहेर पाठविणें धोक्याचें होतें. ठरलेल्या योजनेंत तें नव्हतेंच. दोघांनीं स्वतः होऊन तयारी दाखविली. १५ ऑगस्ट रोजीं रियुमिन स्थानकाच्या पाठीवरून हातांनीं धरून धरून अगदीं मागच्या टोंकापर्यंत गेला, त्यानें अडकलेल्या तारा कातरल्या, व जाळी ढकलून दिली. चार दिवसांनीं ते दोघे १७५ दिवस पुरे करून उतरले. दीर्घ मुक्कामाच्या उच्चांकापेक्षां ही दार मोकळें करण्याची कामगिरी आम्हांस थोर वाटते. पण उच्चांक आंकड्यांत सांगतां येतो, म्हणून तोच लोकांच्या ध्यानांत राहतो.

सॅल्यूट ७ हें त्याचें धाकटें भावंड १९ एप्रिल १९८२ रोजीं वर गेलें. आपल्या देशाचा संबंध येतो तो येथें. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजीं माल्यशेव्ह व स्त्रेकालोव्ह यांजबरोबर निघून या स्थानकांत गेले व ११ एप्रिलला परतले. त्यांनीं घेतलेलीं भारतभूमीचीं छायाचित्रें व योगासनांचे प्रयोग यांची कथा सर्वश्रुत आहे. ज्या घरांत ते पाहुणे गेले त्या घराची त्या वेळची अवस्था मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. मागील सप्टेंबरांत इंधनाची एक नळी फुटून गळती लागली होती. त्याच महिन्यांत, २६ तारखेस, दुसरी तुकडी निघतेवेळीं अग्निबाणास तळावरच आग लागली आणि आंतले दोघे केवळ सुटकेच्या यंत्रामुळें वांचले. त्यांपैकीं एक म्हणजे हाच स्त्रेकालोव्ह. शर्मांचे यजमान लेओनीद किझीम, व्लादिमीर सोलोव्ह्योव्ह व वैद्य ओलेग आत्कोव्ह हे होते. पाहुणे गेल्यावर किझीम व सोलोव्ह्योव्ह यांनीं २३ एप्रिलपासून पुनःपुन्हां बाहेर पडून, जी नळी कोणी बाहेरून हाताळील अशी कल्पनाहि तिच्या कारागिरांनीं केली नव्हती, ती शोधून काढून बंद केली.

याहून कठीण प्रसंग पुढें होता. आंत कोणी नसतां ११ फेब्रुवारी १९८५ रोजीं स्थानक अबोल झालें. पृथ्वीवरून केलेल्या कोणत्याहि हांकेस उत्तर येईना. सोडून द्यावें असें म्हणणारे थोडे नव्हते. ६ जूनला जानिबेकोव्ह व व्हिक्तोर साविनिख हे दोघे, तिसरें आसन काढून त्या जागीं जादा सामान घेऊन निघाले. एरवीं यानास स्थानकाकडून संकेत मिळत व त्यावर तें वाट काढी. येथें स्थानक मुकें. पृथ्वीवरील रडारांनीं दिलेले आंकडे आणि हातांतलें लेसर अंतरमापक, एवढ्यावर जानिबेकोव्हनें ८ जूनला हातानें यान दाराशीं नेलें. सौर पंख वेडेवांकडे फिरलेले दिसतांच आंत वीज नाहीं हें दोघांनीं ओळखलें.

आंत काळोख व बर्फ. मॉस्कोनें उष्णता किती असें विचारलें, पण तापमापक शून्याखालचें दाखवीत नव्हता. तेव्हां जानिबेकोव्ह भिंतीवर थुंकला, थुंकी तीन सेकंदांत गोठली, व त्यावरून अंदाज कळविला. मेजावर आधींच्या बिऱ्हाडानें रशियन रीतीप्रमाणें येणाऱ्यांसाठीं भाकर-मीठ म्हणून बिस्किटें व मिठाच्या वड्या चिकटवून ठेविल्या होत्या. पाण्याच्या टांक्या गोठलेल्या, जवळचें पाणी थोड्या दिवसांचें. पंखे बंद असल्यामुळें श्वासानें टाकलेली दूषित हवा तोंडाभोंवतींच कोंडे. मूळ बिघाड क्षुद्र होता. बॅटरी भरली असें खोटें सांगणाऱ्या एका लहानशा मापकानें सौर पंख बॅटरींपासून तोडून ठेविले, आणि हळूहळू सर्व वीज सरली. या दोघांनीं लोकरीच्या टोप्या घालून, उघड्या बोटांनीं तारा सोलून, पंखांच्या तारा बॅटरींस थेट पिळून जोडल्या, व सोयुझच्या इंजिनानें सबंध स्थानक सूर्याकडे वळविलें. आठांपैकीं सहा बॅटऱ्या जिवंत निघाल्या. ऊब येतांच बर्फ वितळून भिंतीभिंतींतून पाणी सुटलें. तें टिपण्यास फडकीं पुरेनात म्हणून कपडे फाडले. २३ जूनला मागच्या दाराशीं प्रोग्रेस येऊन लागलें, त्या दिवशीं घर पुन्हां वसतें झालें असें म्हणावयास हरकत नाहीं. साविनिखनें या मुक्कामाच्या टिपणांचें पुस्तक पुढें प्रसिद्ध केलें.

'मीर' चा मुख्य भाग २० फेब्रुवारी १९८६ रोजीं वर गेला. त्यास दारें सहा: पांच पुढच्या बाजूस, एक मागें. किझीम व सोलोव्ह्योव्ह या जोडीनें त्याच वर्षीं मीरवरून सॅल्यूट ७ वर व तेथून परत असा प्रवास करून जुन्या घरांतील उपयोगी उपकरणें नव्या घरीं नेलीं. दोन स्थानकांमधील असा प्रवास तेव्हां प्रथमच झाला. १९८७ च्या एप्रिलांत 'क्वान्त' हा नवा भाग मागच्या दाराशीं आला, पण कांहीं केल्या घट्ट बसेना. ११ तारखेस रोमानेन्को, तोच १९७८ चा रोमानेन्को, व लावेयकिन बाहेर पडून पाहतात तों काय, दोहोंच्या मध्यें कचऱ्याची एक पिशवी सांपडलेली! आधींच्या प्रोग्रेसमध्यें केर भरतांना ती निसटली असावी. पिशवी ओढून काढली आणि वीस टनांच्या घरास अकरा टनांची खोली मिळाली. क्वान्तच्याहि पाठीमागें दार ठेवलें होतें, व इंधनाच्या नळ्या त्याच्यामधून मुख्य घरापर्यंत नेल्या होत्या. मागचें दार अशा रीतीनें आणखी मागें सरकलें, बंद झालें नाहीं.

पुढें ज्या राज्यानें घर बांधलें तें राज्यच १९९१ सालीं मोडलें. सेर्गेय क्रिकाल्योव्ह सोव्हिएत नागरिक म्हणून वर गेला तो ३११ दिवसांनीं कझाकस्तानांत उतरला. घर मात्र चाललें. परंतु पैसा आटला. आपोआप जोडणी करणारें यंत्र युक्रेनमध्यें तयार होई, तें आतां महाग पडूं लागलें. तेव्हां मालवाहू यान आंत बसून दूरनियंत्रणानें हातानें आणतां येईल काय, हें पाहण्याचें ठरलें. २५ जून १९९७ रोजीं व्हासिली त्सिब्लियेव्ह हा पडद्यावरील अंधुक चित्राकडे पाहत प्रोग्रेसला मागच्या दाराकडे आणीत होता. वेग अपेक्षेहून जास्त होता, तो आंवरेना, आणि सात टनांचें यान दाराऐवजीं 'स्पेक्त्र' नांवाच्या खोलीवर आदळलें. हवा फुसफुसत बाहेर जाऊं लागली. मायकेल फोल या अमेरिकन सोबत्याच्या कानांत दडे बसले. स्पेक्त्रच्या दारांतून विजेच्या तारा ओवलेल्या होत्या, म्हणून दार लागेना. अलेक्सांद्र लाझुत्किन व फोल यांनीं तारा तोडून दारावर झांकण बसविलें व घर वांचविलें. पण त्याबरोबर विजेचा मोठा वांटा गेला, स्थानक काळोखांत गिरक्या घेऊं लागलें, आणि फोलनें खिडकींतून ताऱ्यांसमोर आंगठा धरून गिरकीचा वेग मोजला. ज्या यानानें घर पोसलें त्यानेंच हा घाव घातला. २३ मार्च २००१ रोजीं मीरला दक्षिण पॅसिफिकांत उतरविण्यांत आलें, तेंहि मागच्या दाराशीं लावलेल्या एका प्रोग्रेसचीं इंजिनें पेटवून.

आंतरराष्ट्रीय स्थानकाचा 'झ्वेज्दा' हा भाग, जो जुलै २००० मध्यें गेला, तो मूळ दुसऱ्या मीरसाठीं बांधलेला. सॅल्यूट १ पासून चालत आलेल्या घराण्यांतला. त्याच वर्षीं २ नोव्हेंबरला पहिलें बिऱ्हाड आंत शिरलें, तेव्हांपासून तें स्थानक कधीं ओस पडलेलें नाहीं. २०१९ सालीं तेथें हवा झिरपूं लागल्याचें आढळलें. शोधाशोध केल्यावर चिरा निघाल्या त्या झ्वेज्दाच्या मागच्या दाराकडे नेणाऱ्या अरुंद बोळांत. त्यावर लेप लावले, आणि मालाची नेआण नसेल तेव्हां बोळाचें आंतलें दार लावून ठेवण्याची रीत पडली. चिनी लोकांनीं या इतिहासाचा अभ्यास केलेला दिसतो. त्यांच्या स्थानकाचा मुख्य भाग २९ एप्रिल २०२१ रोजीं गेला. महिनाभरानें मालवाहू यान त्याच्या मागच्या दाराशीं लागलें. माणसें आलीं तीं त्यानंतर, १७ जूनला. आधीं अंबारखाना, मग किल्लेदार.

आपल्या सरकारनें सप्टेंबर २०२४ मध्यें भारतीय अंतराळस्थानकाच्या पहिल्या भागास मंजुरी दिली असून सबंध स्थानक २०३५ पर्यंत उभें करण्याचा संकल्प आहे. १६ जानेवारी २०२५ रोजीं इस्रोनें सुमारें दोनशेंवीस किलोंचे दोन उपग्रह आकाशांत एकमेकांस जोडले. मार्चमध्यें ते सोडविण्यांत आले, व पुढें पुन्हां जोडल्यावर त्यांपैकीं एकानें दुसऱ्यास वीज दिली. त्याच वर्षीं २६ जूनला शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकांत शिरले ते पुढच्या बाजूच्या दारानें. त्या वेळीं मागच्या बोळांतील चिरांवर लेप लावण्याचें काम नुकतेंच झालेलें होतें.